सोडियम पेटतं, सोनं तसंच राहतं: ‘अष्टक पूर्ण’ एवढ्याने का भागत नाही

प्रश्न असा आहे: निऑन-आर्गॉनसारखे वायू सहसा कशाशी संयोग पावत नाहीत, सोनं शतकानुशतकं झळाळत राहतं, आणि सोडियम मात्र पाण्यात पडताच सैरावैरा धावू लागतं. असं का? ‘बाहेरचं कवच पूर्ण असलं की मूलद्रव्य निष्क्रिय’ हे शाळेतलं उत्तर पुरेसं आहे का?

ते चूक नाही, पण फार थोड्या मूलद्रव्यांना लागू पडतं. सोन्याच्या सर्वांत बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो, अगदी सोडियमसारखा. अष्टकाच्या नियमावर (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन झाले की कवच पूर्ण) भिस्त ठेवली तर सोनं सोडियमइतकंच तापट असायला हवं होतं. नायट्रोजनच्या अणूच्या बाहेरच्या कवचात पाचच इलेक्ट्रॉन, म्हणजे कवच अर्धवट, तरीही हवेतला सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आपल्या नाकातोंडातून काहीही न करता येतो-जातो. ॲल्युमिनियमच्या बाहेरच्या कवचात तीन इलेक्ट्रॉन आहेत, ते द्यायला ते तयारही असतं, आणि तरी आपण त्याची भांडी आणि विमानं बनवतो. या सगळ्यांना एकाच नियमात कोंबायला गेलं की विद्यार्थी गोंधळतात, आणि त्यांचा दोष नसतो.

मी वर्गात हा प्रश्न आला की त्याचे दोन प्रश्न करून घेतो. पहिला: अभिक्रिया झाली तर ऊर्जेच्या जमाखर्चात शेवटी शिल्लक उरते का? दुसरा: शिल्लक उरत असली तरी तिथपर्यंत पोचायची वाट मोकळी आहे का? काही मूलद्रव्यं पहिल्याच प्रश्नावर अडतात, काही दुसऱ्यावर. बाहेरून दोन्ही ‘निष्क्रिय’च दिसतात. आतलं कारण मात्र पूर्ण वेगळं असतं.

जमाखर्च म्हणजे काय, ते सोडियम आणि क्लोरीनवरच बघू, कारण इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. ‘सोडियमला आपला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो’ असं आपण सर्रास म्हणतो. त्याला मुळीच द्यायचा नसतो. सोडियमच्या अणूतून तो इलेक्ट्रॉन ओढून काढायला ४९६ किलोज्यूल प्रतिमोल ऊर्जा मोजावी लागते (पुढचे ऊर्जेचे आकडेही याच एककात). क्लोरीनच्या अणूने तो घेतला की परत मिळतात ३४९. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ किलोज्यूलची तूट. शिवाय सोडियमच्या घन तुकड्यातून अणू सुटे करायला १०७, आणि क्लोरीनच्या रेणूचा बंध तोडून एक अणू मोकळा करायला १२१. इथवर तोटाच तोटा. मग मीठ बनतं कसं? धन आणि ऋण आयन (इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन भार आलेले अणू) एकमेकांजवळ येऊन स्फटिकात रचले जातात तेव्हा ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. सगळी बेरीज-वजाबाकी केली की मोलमागे सुमारे ४१० किलोज्यूल हाती राहतात. सोडियम-क्लोरीनची खरी कमाई या स्फटिकात आहे. ‘आठ इलेक्ट्रॉन पुरे झाल्याचं समाधान’ असं कुठल्याही रकान्यात लिहिलेलं सापडत नाही.

मग अष्टक कुठे येतं? ते येतं खर्चाच्या बाजूला. सोडियमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन आहेत, पण आतले दहा इलेक्ट्रॉन मध्ये उभे असल्यामुळे बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनला त्यांची ओढ साधारण २ प्रोटॉनांइतकीच जाणवते. शिवाय तो लांबच्या कवचात असतो, म्हणून ४९६ मध्ये सुटतो. पण दुसरा इलेक्ट्रॉन काढायला गेलात तर थेट ४,५६२ लागतात, कारण आता आतलं कवच फोडायचं आहे. इतका खर्च कुठलाच स्फटिक भरून देत नाही, म्हणून सोडियम एकावर थांबतं. शेजारच्या मॅग्नेशियमचं बघा. त्याचे दोन इलेक्ट्रॉन काढायला मिळून जवळपास २,१९० किलोज्यूल पडतात, पण दुप्पट भाराच्या आयनामुळे मॅग्नेशियम क्लोराईडच्या स्फटिकात सुमारे २,५०० परत येतात. परवडतं, म्हणून मॅग्नेशियम दोन देतं.

आता निऑन. आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे जाताना प्रोटॉन वाढत जातात, इलेक्ट्रॉन मात्र त्याच कवचात भरत राहतात, आणि एकाच कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना केंद्रकापासून नीट झाकत नाहीत. त्यामुळे ओढ वाढत जाते. निऑनपाशी बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जाणवणारा भार साधारण ६ होतो आणि एक इलेक्ट्रॉन काढायचा खर्च २,०८१ किलोज्यूल. वरचं मिठाचं गणित सोडियमऐवजी निऑन घालून केलंत तर हजारभर किलोज्यूलची तूट येते. बरं, इलेक्ट्रॉन देता येत नाही तर घेता येईल का? तेही नाही. नवा इलेक्ट्रॉन पुढच्या कवचात जाणार, आणि तिथे दहाच्या दहा प्रोटॉन आतल्या दहा इलेक्ट्रॉनांनी झाकलेले. त्याला धरून ठेवायला काही उरतच नाही. देणंही महाग आणि घेणंही अशक्य, हाच भरलेल्या कवचाचा अर्थ. त्यात जादू नाही, आणि अणूला आठ हा आकडा प्रिय आहे असंही नाही. हेलियमचं दोनावर भागतं, आणि इलेक्ट्रॉन काढायला सर्वांत महाग तोच: २,३७२.

आणि खर्चच असेल तर तो कधीतरी कुणीतरी भरू शकेल, हेही ओघाने आलंच. राजवायूंच्या, म्हणजे हेलियम-निऑन-आर्गॉनच्या गटात खाली जाताना अणू मोठा होतो आणि इलेक्ट्रॉन काढायचा खर्च उतरतो: आर्गॉन १,५२१, क्रिप्टॉन १,३५१, झेनॉन १,१७०. १८९५ मध्ये आर्गॉन हाती लागल्या लागल्या त्याच्या शोधकांपैकी एक, रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांनी त्याचा नमुना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मॉइसाँ यांच्याकडे धाडला. फ्लोरीन वेगळा करणारे तेच, त्यामुळे आर्गॉनला हलवू शकेल तर फ्लोरीनच, ही अपेक्षा रास्त होती. काही झालं नाही. मग पुढची सहा-सात दशकं हे वायू ‘निष्क्रिय’ ठरून गेले आणि बहुतेकांनी तो नाद सोडला.

१९६२ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांच्या हातात प्लॅटिनम हेक्झाफ्लोराईड नावाचा लालसर वायू होता. तो इतका आक्रमक की त्याने चक्क ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेतला. बार्टलेट यांनी आकड्यांचा तक्ता पाहिला: ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायचा खर्च ११७०च्या आसपास, झेनॉनचाही तेवढाच. मग झेनॉन का नाही? त्यांनी दोन वायूंमधला अडसर फोडला आणि नेहमीच्या तापमानाला, तत्क्षणी, नारिंगी-पिवळा घन पदार्थ तयार झाला. त्याच वर्षी झेनॉनची साधी फ्लोराईडंही बनली. मला या गोष्टीत सर्वांत आवडतं ते हे, की नवं उपकरण काहीच लागलं नाही. तक्त्यातले दोन शेजारी आकडे कुणीतरी नीट वाचले, एवढंच.

झेनॉन फ्लोरीनशी जुळतो पण क्लोरीनशी सहजी जुळत नाही, याचंही उत्तर जमाखर्चातच आहे. फ्लोरीनच्या रेणूतला बंध १५८ किलोज्यूलमध्ये तुटतो, क्लोरीनचा २४२ मागतो, आणि झेनॉन-क्लोरीन बंध तेवढी भरपाई करण्याइतका बळकट नाही. क्रिप्टॉनचं एक फ्लोराईड बनवता येतं, पण ते थंड ठेवलं नाही तर आपोआप विस्कटतं. आर्गॉनचं हायड्रोजन-फ्लोरीनसोबतचं संयुग २००० साली हेलसिंकीत गोठवलेल्या आर्गॉनमध्ये, निरपेक्ष शून्याच्या जवळ, पकडलं गेलं. निऑन मात्र अजून दाद देत नाही.

नायट्रोजनची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. नायट्रोजनचा सुटा अणू निष्क्रिय वगैरे मुळीच नाही. हवेत मात्र तो सुटा नसतो, जोडीने असतो, आणि त्या जोडीतला तिहेरी बंध तोडायला ९४५ किलोज्यूल लागतात. ऑक्सिजनच्या रेणूला ४९८ पुरतात, म्हणजे जवळपास निम्मे. हायड्रोजनशी संयोग होऊन अमोनिया बनण्यात शेवटी फायदाच आहे, पण आधी हा बंध सैल करायला हवा, आणि साध्या तापमानाला तेवढी ऊर्जा कुठून येणार? इथे अडतो तो माझा दुसरा प्रश्न. वाट बंद. कारखान्यात ती लोखंडाच्या पृष्ठभागावर उघडतात: नायट्रोजनचे अणू लोखंडाला चिकटून एकमेकांपासून सुटतात. तरीही ४०० ते ५०० अंश सेल्सिअस आणि १५०-२०० पट वातावरणीय दाब लागतोच. शेंगावर्गीय रोपांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हेच काम जमिनीच्या तापमानाला करतात, आणि त्यांची सर करणारा उत्प्रेरक आपल्या उद्योगाकडे अजून नाही.

नायट्रोजन खरोखरचा ‘राजवायू’ नाही, याचा पुरावा आर्गॉनच्या शोधातच आहे. हवेतला ऑक्सिजन काढल्यावर उरलेला वायू तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा नेला की नायट्रोजन मॅग्नेशियम नायट्राईडच्या रूपात अडकत जातो. रॅमसे यांनी हेच केलं, आणि शेवटी जे काही केल्या अडकेना ते आर्गॉन. लिथियमला तर तापवावंही लागत नाही, ते साध्या हवेत ठेवलं तरी नायट्रोजनशी संयोग पावून काळवंडतं. स्फोटकांत नायट्रोजन इतका का असतो तेही यातून कळतं. तिथे नायट्रोजनचे अणू एकमेकांपासून दूर, कमकुवत बंधांत अडकवून ठेवलेले असतात. संधी मिळाली की ते त्या तिहेरी बंधाकडे धाव घेतात, आणि तोडायला ९४५ लागतात म्हणजे जुळताना ९४५ बाहेर पडतात. एकाच आकड्यामुळे हवा शांत आहे आणि स्फोटकं भयंकर.

फ्लोरीनबद्दल थोडक्यात. ‘तो सर्वांत जास्त इलेक्ट्रॉन ओढतो’ हे पूर्ण उत्तर नाही. सुट्या अणूने इलेक्ट्रॉन घेतल्यावर फ्लोरीनकडून ३२८ मिळतात, क्लोरीनकडून ३४९, म्हणजे इथे क्लोरीनच वरचढ आहे. फ्लोरीनची ताकद दोन गोष्टींत आहे: स्वतःचा बंध कमकुवत, आणि इतरांशी होणारे बंध विलक्षण बळकट. हायड्रोजनशी त्याचा बंध ५६५च्या पुढे जातो. स्वस्तात सुटायचं आणि महागात जुळायचं.

गंमत म्हणजे असा फ्लोरीन निकेलच्या किंवा पोलादी सिलिंडरमध्ये नीट राहतो. धातूच्या आतल्या बाजूला आधी फ्लोराईडचा पातळ थर बसवून घेतात आणि मग तो थरच पुढची अभिक्रिया अडवतो. ॲल्युमिनियमचं रहस्यही हेच. हवेत उघडं पडताच त्याच्यावर काही नॅनोमीटर जाडीचं ऑक्साईडचं कातडं चढतं. ते सलग आणि चिवट असतं, ओरखडा गेला तरी लगेच भरून येतं. लोखंडाचा गंज असा नसतो. तो सच्छिद्र असतो, फुगतो, पापुद्रे होऊन गळतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं करतो. म्हणून जस्त किंवा लोखंडापेक्षा कितीतरी जास्त अभिक्रियाशील असलेलं ॲल्युमिनियम टिकतं, आणि लोखंड झिजतं.

हे बोलून पटत नाही, दाखवावं लागतं, आणि त्यासाठी माझा आवडता प्रयोग अगदी साधा आहे. मोरचुदाचं निळं द्रावण काचेच्या चंचुपात्रात घ्या आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा सोडा. अभिक्रियाशीलता श्रेणीनुसार ॲल्युमिनियमने तांब्याला ताबडतोब हुसकावून लावायला हवं. होत काहीच नाही, फॉइल चकचकीतच राहते. थोडा वेळ बघून मुलं ‘सर, पुस्तक चुकलंय’ म्हणायला लागतात. मग चमचाभर मीठ टाकून ढवळायचं. आधी फॉइलच्या कडांवर तांबूस ठिपके उमटतात, मग बुडबुडे सुटतात, पात्राला हात लावला तर गरम लागतं, फॉइल जाळीदार होत विरून जाते, निळा रंग फिकटतो आणि तळाला तपकिरी गाळ जमतो. तो गाळ तांब्याचा. मिठाने ॲल्युमिनियमला काही नवी शक्ती दिलेली नसते. क्लोराईड आयनांनी कातड्याला भोकं पाडली, एवढंच. (बुडबुडे हायड्रोजनचे असतात. खिडकी उघडी ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि जवळपास ज्योत नको.)

सोनं मात्र कातड्याच्या जोरावर टिकत नाही. ते पहिल्याच प्रश्नावर अडतं, त्याला ऑक्सिजनशी संयोग परवडतच नाही. आडमार्गाने त्याचं ऑक्साईड बनवलं तरी थोडं तापवताच ते ऑक्सिजन सोडून पुन्हा सोनं होतं. पण मग बाहेरच्या त्या एकट्या इलेक्ट्रॉनचं काय? सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन आहेत आणि मधल्या कवचांतले काही इलेक्ट्रॉन झाकण्याच्या कामात अगदीच कच्चे असतात, त्यामुळे ओढ मोठी. त्यात सापेक्षतावादाची भर पडते. इतक्या जड केंद्रकापाशी सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने फिरतात असं ढोबळमानाने म्हणता येतं, त्यामुळे त्यांच्या कक्षा आकसतात, आणि त्याच प्रकारच्या बाहेरच्या कक्षेलाही ते आकसणं भोवतं. परिणामी सोन्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला ८९० किलोज्यूल, चांदीचा ७३१. शिवाय धातूच्या तुकड्यातून सोन्याचा एक मोल अणू सुटा करायलाच ३६८ लागतात, सोडियमच्या तिपटीहून जास्त. दोन्हीकडून खर्च जबर. उलट सोन्याला इलेक्ट्रॉन घेणं इतकं मानवतं की सीझियमसोबत ते चक्क ऋण आयन होऊन संयुग बनवतं, एखाद्या हॅलोजनसारखं (फ्लोरीन-क्लोरीनच्या गटातल्या मूलद्रव्यासारखं).

तरी आम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, सोनं विरघळतंच. एकटं नायट्रिक आम्ल त्याचं फारसं काही बिघडवत नाही, हायड्रोक्लोरिकही नाही. दोन्ही एकत्र आली की नायट्रिकमुळे सुटलेला सोन्याचा एखाद-दुसरा आयन क्लोराईड लगेच वेढून टाकतात, त्याला परतीची वाट राहत नाही, आणि मग पुढचा सुटतो. सायनाईडची पकड याहून घट्ट असते. त्याच्या द्रावणात नुसत्या हवेतल्या ऑक्सिजनने सोनं विरघळतं, खनिजातून सोनं काढायची मोठी पद्धत यावरच उभी आहे. म्हणून ‘सोनं निष्क्रिय आहे का’ असं कुणी विचारलं की मी आधी ‘कोणाच्या सोबत?’ असं विचारतो.

अल्कली धातूंकडे (लिथियम, सोडियम, पोटॅशियम) परत येतो, कारण तिथे अनुभवी लोकही घसरतात. इलेक्ट्रोड विभवाच्या तक्त्यात (द्रावणात धातू इलेक्ट्रॉन सोडायला किती तयार आहे ते तो व्होल्टमध्ये सांगतो, जितकं उणे तितकं जास्त तयार) सर्वांत खाली लिथियम आहे, उणे ३.०४ व्होल्ट. सोडियम उणे २.७१. म्हणजे लिथियम जास्त तापट? पाण्यात टाकून बघा: लिथियम निवांत फसफसत तरंगतं, सोडियम गोळी होऊन पृष्ठभागावर धावतं, पोटॅशियम जांभळट ज्योतीने पेटतं. मोलमागे सर्वांत जास्त ऊर्जा लिथियमच देतं, कारण त्याच्या इवल्याशा आयनाला पाण्याचे रेणू घट्ट बिलगतात. पण ती मिळकत शेवटी येते. सुरुवातीला अणू सुटा करून इलेक्ट्रॉन काढायचा खर्च लिथियमला ६७९, सोडियमला ६०३, पोटॅशियमला ५०८. शिवाय लिथियम १८० अंशांना वितळतं, सोडियम ९८ ला आणि पोटॅशियम ६३ ला, त्यामुळे सोडियम-पोटॅशियम अभिक्रियेच्या उष्णतेनेच वितळून सतत नवा पृष्ठभाग पाण्यापुढे करतात. किती मिळणार आणि किती वेगाने मिळणार, हे दोन वेगळे आकडे आहेत.

सोडियमच्या स्फोटाचं कारण हायड्रोजन पेटणं, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो. २०१५ मध्ये प्रागच्या संशोधकांनी सोडियम-पोटॅशियमच्या द्रवरूप मिश्रधातूचे थेंब पाण्यात सोडून अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले. पाण्याला स्पर्श होताच, एका मिलिसेकंदाच्याही आत, धातूच्या थेंबातून चहूबाजूंनी काटे फुटतात. पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन इतक्या झपाट्याने पाण्यात निघून जातात की मागे उरलेले धन आयन एकमेकांना दूर ढकलून थेंबच फाडतात. हायड्रोजन पेटतो तो नंतर.

शेवटचा मुद्दा, कारण प्रश्नात ‘मूलद्रव्यं’ असा शब्द आहे. पुष्कळदा अभिक्रियाशीलता मूलद्रव्याची नसतेच, ते कोणत्या रूपात आहे त्याची असते. पांढऱ्या फॉस्फरसमध्ये चार अणू चौफलकाच्या कोपऱ्यांवर बसवलेले असतात, बंधांमधले कोन ६० अंशांचे, म्हणजे जबरदस्तीने वाकवलेले. तो पाण्याखाली ठेवावा लागतो, कारण हवेत ३० अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतो. तोच फॉस्फरस लांब साखळ्यांत जोडला गेला की लाल होतो आणि बाटलीत मुकाट पडून राहतो, पेटायला अडीचशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो. अणू तेच, बाहेरच्या कवचातले पाच इलेक्ट्रॉनही तेच. काडेपेटीच्या बाजूच्या पट्टीत लालच असतो, आणि काडी घासली की त्याचा कणभर भाग घर्षणाच्या उष्णतेने पांढऱ्यात बदलून पेट घेतो.